मळखाऊ रंगांची वीस वर्षं आणि यंदाचा उन्हाळा

कृष्णाकाठ | १२ एप्रिल, रात्री ९.४०

मंडळी, मी सांगलीची. गावभागात राहते, ऑफिस विश्रामबागला, जाणं-येणं स्कूटीवर. वय ४४.

गेल्या रविवारी कपाट आवरायला काढलं. सगळे कुर्ते पलंगावर एकावर एक ठेवले आणि त्या ढिगाकडे बघतच राहिले. राखाडी, चहाचा रंग, मेंदी, विटकरी, परत राखाडी. लग्नाला २० वर्षं झाली, त्यातले बहुतेक कपडे मी स्वतःच्या पसंतीने घेतलेले. कुणाची सक्ती नव्हती. लहानपणी कापड घेताना आई दुकानदाराला एकच विचारायची, "मळखाऊ आहे ना?" दप्तर मळखाऊ, पडदे मळखाऊ, माझे फ्रॉकही मळखाऊ. आई गेली, पण दुकानात तो प्रश्न मी अजून स्वतःला विचारते.

मार्चमध्ये पुण्याची भाची आली होती. पांढऱ्यावर जास्वंदी फुलं, पोटरीपर्यंतचा सुती ड्रेस. भर दुपारी स्टँडवरून रिक्षाने आली तरी टवटवीत दिसत होती, आणि मी घरात पंख्याखाली बसून घामाने चिकट झाले होते. तेव्हापासून मनात घोळत होतं. शेवटी एक तयार ड्रेस मागवला. पोपटी, त्यावर गुलाबी आणि निळ्या वेली. सोमवारी घालून निघाले, तर जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. "अगं, गाऊनवरच निघालीस होय?"

त्यांनी टोमणा मारला नाही, खरंच काळजीने विचारलं. घाईत मी कपडे बदलायला विसरले असं त्यांना वाटलं. मी परत वर गेले, राखाडी कुर्ता चढवला आणि ऑफिस गाठलं. दिवसभर चुटपुट लागून राहिली.

मला रंग घालायचे आहेत, छापील घालायचं आहे, आणि ते या वयात, या गावात, ऑफिसला आणि स्कूटीवर चालेल असं हवं आहे. कापड कोणतं, बेत (म्हणजे कापणी) कोणता, रंग टिकतो का, सगळं सांगा. मी मनापासून विचारते आहे.

अबोली_मिरज | १२ एप्रिल, रात्री १०.०५

ताई, तो पोपटी ड्रेस परत करू नका! मी मिरजेत शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा छापील ड्रेस घालून शाळेत गेले, तेव्हा दोन दिवस सगळ्यांच्या नजरा जाणवल्या. तिसऱ्या दिवशी पाचवीतली मुलं ड्रेसवरचे मोर मोजायला लागली. आता उन्हाळ्यात मी दुसरं काही घालतच नाही. स्कूटीवर मात्र आत गुडघ्यापर्यंतची सुती स्लॅक्स हवीच, आणि घेर फार ठेवू नका. जास्तीचा घेर चाकाकडे जातो. माझा एकदा गेला होता, थोडक्यात वाचले.

सुईदोरा | १३ एप्रिल, सकाळी ७.१५

मी साताऱ्याची. २५ वर्षं घरी शिवणकाम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कृष्णाकाठ, काकूंवर रागावू नका. त्यांचे डोळे बरोबर सांगत होते. तयार मिळणारे पुष्कळ ड्रेस गाऊनच्याच बेतावर कापलेले असतात. छातीवर योक (वरचा वेगळा जोडलेला तुकडा), योकखाली चुण्या, तिथून थेट घोट्यापर्यंत सरळ घोळ, गळ्याला पायपीन, वर लावलेला एक खिसा. आपल्याकडे ३०-४० वर्षं बायका घरात हेच घालताहेत, मग बघणाऱ्याला दुसरं काय आठवणार? त्यात कापडाचा आणि रंगाचा काही दोष नाही. बेत बदला, तेच कापड ड्रेस दिसेल.

पहिलं म्हणजे खांदा. खांद्याची शिवण बरोबर हाडावर बसली पाहिजे. गाऊनचा खांदा ओघळलेला असतो आणि सगळं ढिसाळपण तिथून सुरू होतं. दुसरं, कमरेला काहीतरी हवं. कमरेत जोड द्या, नाहीतर पाठीमागे दोन टक्स घ्या, किंवा त्याच कापडाचा पट्टा करा. समोरून घट्ट नको, पाठीत आकार आला की पुरतो. लांबी पोटरीच्या मध्यावर थांबवा. घोट्यापर्यंत गेला की परत गाऊन. गळ्याला छोटी कॉलर किंवा पट्टी आणि समोर बटणं घेतली तर उत्तमच, कारण बटणांच्या उभ्या ओळीने कपडा बाहेरचा वाटतो. खिसे बाजूच्या शिवणीत, आत. खोली निदान दहा इंच सांगा, नाहीतर शिंपी सहाचा करतो आणि मोबाईल वाकलं की पडतो.

आता नक्षीचं. कापड उलगडून आधी फुलांचे देठ बघा. सगळे देठ एकाच बाजूला असतील तर ती एका दिशेची नक्षी. अशा कापडात पुढचा भाग सुलटा आणि मागचा उलटा कापून चालत नाही, म्हणून पाव ते अर्धा मीटर जास्त लागतं. कापड वाचवायला शिंपी कधीकधी मागचा भाग फिरवतो आणि पाठीवर सगळी फुलं डोक्यावर उभी राहतात. कापायच्या आधी सांगून ठेवा. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल आणि ४८ इंच उंचीचा ड्रेस, बाही कोपरापर्यंत, तर तीन मीटर घ्या.

आणि शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडायला सांगा, दोन्ही बाजूंना निदान पाऊण इंच. सुती कपडा आटतो आणि आपलं अंगही वर्षभर सारखं राहत नाही.

मागावरचा | १३ एप्रिल, दुपारी १.३०

आमचं घर इचलकरंजीतलं, दोन पिढ्या यंत्रमागावर. त्यामुळे कापडाबद्दल थोडं लिहितो.

तुम्ही जयपूरचं म्हणून जे छापील कापड घेता, ते विणलं कुठे गेलं याचा कुणी विचार करत नाही. १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला. आज इथे आणि तुमच्या जिल्ह्यात विट्याला रात्रंदिवस माग खडखडतात. मागावरून उतरतं ते ग्रे कापड. नावाला ग्रे, दिसायला पिवळट, सरकीचे काळे कण असलेलं, खळीने कडक झालेलं. ते ट्रकमध्ये भरून राजस्थानात पाली-बालोतऱ्याला किंवा गुजरातेत जातं. तिथे धुतात, रंगवतात, छापतात, आणि मग ते देशभरच्या पेठांत पसरतं. सांगलीच्या कापड पेठेत तुमच्या हातात येणारं एखादं कापड तासाभराच्या अंतरावर विणलेलं असू शकतं. माझ्या वडिलांच्या पाळीत विणलेलं कापड कुणाच्या अंगावर फुलं घेऊन फिरत असेल, या विचाराने मला फार बरं वाटतं.

घेताना एवढं करा. कापड उजेडासमोर धरा. उभे-आडवे धागे सारख्या अंतरावर दिसले पाहिजेत. कुठे दाट, कुठे विरळ असेल तर धुतल्यावर शिवणी सरकतात. मग चिमटीत धरून दोन कडा एकमेकांवर घासा. पांढरी भुकटी पडली तर ती खळ. दुकानात भरदार लागलेलं कापड पहिल्या धुण्यात लुळं पडतं. कॅम्ब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं बारीक सुती कापड मागा. साठ नंबरचं सूत, ९२-८८ (इंचाला उभे-आडवे धागे) असं म्हटलं की जाणकार दुकानदाराला कळतं. त्याला अस्तर लागत नाही, फिकट रंग असेल तरच लागतं. मलमल त्याहून गार, पण अस्तराशिवाय घालता येत नाही.

निशिगंध | १३ एप्रिल, संध्याकाळी ६.५०

कॉटन म्हणून जे विकतात ते कॉटन असतंच असं नाही, हे मी गेल्या मे महिन्यात शिकले. एका दुकानातून 'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेला ड्रेस घालून तासगावला लग्नाला गेले. मांडवात जेवणाच्या पंगतीपर्यंत पाठ अशी ओली की उठायची लाज वाटली. घरी येऊन आतल्या शिवणीतला धागा काढून काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. माझा धागा आक्रसून काळा मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर. घाम शोषलाच जात नाही, तो अंगावरच राहतो. आता मी कापड घेण्याआधी काठाचा एक धागा मागून घेते. चांगला दुकानदार देतो.

रेयॉनही बघा. स्पर्शाला मऊ, गार, रंग तर इतके झळझळीत की सुतीवर दिसणार नाहीत. ते लाकडाच्या लगद्यापासून करतात आणि घामही शोषतं. पण ओलं असताना फार कमजोर होतं. पिळलं की आकार गेला, आणि आटतंही भरपूर. मशीनला लावणार असाल तर घेऊ नका.

जयपूरला गेले होते तेव्हा सांगानेरला ठसेकाम बघितलं होतं. लांब टेबलावर कापड टाचण्यांनी ताणलेलं, एक मावशी आधी रेघेचा ठसा मारत पुढे जायच्या आणि मागून दुसऱ्या त्यात लाल भरत यायच्या. प्रत्येक रंगाला वेगळा लाकडी ठसा. ठसा टेकवायचा आणि वरून मुठीने एक ठोका. सहा फुलांतलं एखादं फूल रेघेबाहेर केसभर सरकतंच. तीच हातकामाची खूण. उलट बाजूलाही रंग उतरलेला दिसतो. जवळच्या बगरूला काळा रंग करतात तो गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात महिनाभर आंबवून! आपल्या गुळाच्या मुलखात बसून हे वाचताना तुम्हाला गंमत वाटेल, मला तर ऐकताना अंगावर काटा आला होता.

ओंजळ | १४ एप्रिल, सकाळी ११.२०

माझी अडचण वेगळी आहे. उंची पाच फूट आणि मी अंगाने भरलेली. मोठ्या फुलांचा ड्रेस घेतला तर फक्त फुलंच दिसतात, बारीक बुट्ट्यांचा घेतला तर अंग जास्तच पसरलेलं वाटतं. म्हणून मी एकरंगीवरच राहिले. माझ्यासारखीने छापील घालावं का?

सुईदोरा | १४ एप्रिल, दुपारी ३.००

घालायचंच! तुझ्या मुठीएवढी नक्षी घे. तळहाताएवढी नको, हरभऱ्याएवढीही नको. आणि जमीन, म्हणजे फुलांमागचं कापड, मोकळी दिसू दे, फुलाला फूल चिकटलेलं नको. वेल उभी चढणारी असेल तर उंची मिळते. कमरेचा पट्टा वेगळ्या रंगाचा घेऊ नकोस, त्याच कापडाचा घे, म्हणजे अंगाचे दोन तुकडे दिसत नाहीत. माझ्याकडे तुझ्याच मापाची एक बँकेतली मुलगी येते. गडद निळ्यावर पिवळी मुठीएवढी शेवंती, समोर बटणं. तिला तो ड्रेस शिवून दिल्यावर तिने आणखी तीन शिवायला टाकले.

आजीचा_पेटारा | १४ एप्रिल, रात्री ८.४५

तुम्ही सगळ्या छापील म्हणता, आमच्या लहानपणी शब्द होता चीट. चिटाचा परकर, चिटाची चोळी, गोधडीला चिटाचं अस्तर. वाईच्या बाजारात चिटाचे ताके रचलेले असायचे आणि मी लाल चिटासाठी हट्ट धरून जमिनीवर बसले होते, ते अजून आठवतं. इंग्रजांचा चिंट्झ म्हणजे हीच चीट, आपल्याकडूनच गेलेली. युरोपातल्या बायका तिच्यावर इतक्या भाळल्या की तिथल्या विणकरांचा धंदा बसायला लागला आणि १६८६ मध्ये फ्रान्सने भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडाला बंदीच घातली.

मी आता ७२ वर्षांची आहे. मळखाऊ रंग आमच्या पिढीनेच तुम्हाला शिकवला. धुणं नदीवर किंवा विहिरीवर, साबण मोजका, माणशी दोन जोड. तेव्हा त्याला कारण होतं. आता ते उरलेलं नाही, तर तुम्ही तो रंग सोडा. आईच्या शब्दाबाहेर गेल्याचं मनाला लावून घेऊ नकोस, कृष्णाकाठ.

वारणेकाठ | १४ एप्रिल, रात्री ११.१०

आजी, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, हेरवाडपासून जवळ. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात बाकीच्या गावांनीही हे करावं म्हणून सरकारने परिपत्रक काढलं. घरोघर तीच चर्चा होती.

बाबा त्याआधी सात वर्षांपूर्वी गेले. आईला कुणी काही म्हटलं नव्हतं, पण तिच्या साड्या आपोआप फिकट होत गेल्या. बदामी, राखी, पांढऱ्यावर बारीक ठिपके. त्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे सांगलीला आली होती. मला कापड घ्यायचं होतं म्हणून दोघी पेठेत गेलो. दुकानदार ताके सोडत होता. आईने माझ्यासाठी म्हणून एक फिकट जांभळं बाजूला काढलं, पण तिचा हात परत परत एका डाळिंबी ताक्याकडे जात होता. त्यावर हळदी रंगाची फुलं होती. ती तो काठ बोटांत धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. मी काही बोलले नाही. अडीच मीटर कापून घेतलं आणि घरी येऊन म्हटलं, आई, हे तुझं.

ती पंधरा दिवस पिशवी उघडायला तयार नव्हती. मग एका सकाळी स्वतःच म्हणाली, "बाही कोपरापर्यंत ठेव हां." गुडघ्याखाली येणारा ड्रेस आणि खाली पांढरी सुरवार असं शिवून घेतलं. टेलरने बाजूला खिसे दिले होते. आईने आयुष्यभर पैसे कनवटीला लावले, खिसा तिला पहिल्यांदाच मिळाला. घातल्यावर आरशात बघायच्या आधी तिने दोन्ही हात खिशात घातले आणि तशीच उभी राहिली. आता सकाळी फिरायला तोच घालते. खिशात किल्ली, रुमाल आणि खडीसाखर.

अबोली_मिरज | १५ एप्रिल, सकाळी ६.३०

वारणेकाठ, सकाळी सकाळी डोळे भरून आले. आईंना माझा नमस्कार सांग.

कृष्णाकाठ | १८ एप्रिल, रात्री १०.१५

तुम्हा सगळ्यांचं वाचून शनिवारी कापड पेठेत गेले. दोन तास फिरले. उजेडासमोर धरलं, चिमटीत घासलं, काठाचा धागा मागितला. एका दुकानात नाही म्हणाले, तिथून निघाले. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी धागा दिला आणि काडेपेटीही पुढे केली. साठ नंबरचं सूत, ९२-८८ म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला, मग आतून वेगळे ताके काढले.

घेतलं ते असं : कैरीच्या सालीचा हिरवा, त्यावर गुलबक्षी रंगाची मुठीएवढी फुलं, मधे जागा मोकळी. देठ सगळे एका बाजूला, म्हणून साडेतीन मीटर घेतलं. पैसे देताना तोंडावर आलं होतं, हे मळखाऊ आहे का. गिळलं.

आमच्या टेलरकडे गेले तर त्यांनी कापड हातात घेऊन परत दिलं. "म्याडम, आदी पाण्यातनं काढून आना. कापड आटतंय, मग आमच्या नावानं बोंब हुतीया." घरी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मोजलं. साडेतीन मीटरचं तीन मीटर सदतीस भरलं. तेरा सेंटिमीटर गेले! तसंच शिवलं असतं तर ड्रेस पहिल्या धुण्यात दीड-दोन इंच आखूड झाला असता.

पण भिजवलेलं पाणी गुलाबी झालं. सासूबाई म्हणाल्या, मिठाच्या पाण्यात टाक. नणंद म्हणाली, व्हिनेगर. काय करू?

प्रयोगवही | १९ एप्रिल, सकाळी ९.००

मी रसायनशास्त्र शिकवते. मिठाचा समज कुठून आला ते सांगते. सुती कापड रंगवताना रंगाच्या पाण्यात मीठ घालतात ते खरं. मिठामुळे रंग पाणी सोडून धाग्याकडे ढकलला जातो, आणि नंतर सोड्यामुळे तो धाग्याशी घट्ट बांधला जातो. ते काम कारखान्यातच उरकतं. घरी आणलेल्या कापडाला मीठ लावून नव्याने काही बांधलं जात नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमाच्या रंगांत होतो, सुतीला नाही.

गुलाबी पाणी म्हणजे बांधला न गेलेला, नुसता चिकटून राहिलेला रंग. तो आत ठेवायचा नाही, काढून टाकायचा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात दोन-तीनदा एकटंच खळबळून काढा. दर वेळी पाणी फिकट होत गेलं तर काळजी नाही. मग पांढरा रुमाल ओला करून फुलावर दहा वेळा घासा. रुमाल कोरा राहिला की शिवायला द्या. चार-पाच वेळा धुऊनही पाणी तसंच गडद येत असेल तर रंगच कच्चा, ते दुकानदाराला परत दाखवा.

हळदुली | १९ एप्रिल, दुपारी २.२०

माझं काम मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यांत. पांढऱ्या जमिनीचं छापील घालावं की नाही याचा मी फार विचार केला, कारण संध्याकाळपर्यंत हातापायांवर पिवळा थर असतो. तरी घेतलाच. पहिल्याच आठवड्यात मांडीवर बोटाचा डाग. साबण लावला तर डाग लालभडक झाला, मी रडकुंडीला आले. घाबरू नका, साबणाने हळद लाल होतेच. साबण पूर्ण काढून तेवढाच भाग उन्हात धरा, बाकी कपडा वर फडकं टाकून झाका. दोन दुपारींत डाग उडतो. कपडा पूर्ण उन्हात टाकला तर डागाबरोबर फुलंही उडतील.

पायात काय, हे कुणी विचारलं नाही, पण छापील सुतीखाली कोल्हापुरी चप्पल सगळ्यात शोभते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपल्या सांगली-साताऱ्याचीही नावं आहेत.

कृष्णाकाठ | २ मे, रात्री ९.५०

ड्रेस आला. सुईदोरा, तुमचं सगळं ऐकलं. खांदा हाडावर, पाठीत दोन टक्स, छोटी कॉलर, समोर नारळाची बटणं, लांबी पोटरीच्या मध्यावर, खिसे दहा इंच. पाठीवरची फुलंही सुलटी. टेलरनी बाजूला एक इंच माया ठेवली आहे.

तिसऱ्या धुण्याला पाणी स्वच्छ आलं आणि रुमाल कोरा राहिला.

आज घालून गेले. जिन्यात काकू होत्या, त्यांनी "आज उशीर झाला का गं?" एवढंच विचारलं. आयर्विन पुलाकडून वारं येत होतं. सिग्नलला थांबले तर पाठ कोरडी होती. एप्रिल-मे मध्ये सिग्नलला माझी पाठ कोरडी असल्याचं मला आठवत नाही. ऑफिसात दुपारी जेवताना आमटीचा थेंब पडला, छातीवर, बरोबर दोन फुलांच्या मधे. लगेच धुतला, गेला.

पोपटी ड्रेसही टेलरकडे दिला आहे, कमरेत जोड देऊन उंची कमी करायला. बाकी कापड ३५ सेंटिमीटर उरलंय, पन्हाभर पट्टी. त्याचं काय करू? टाकवत नाही.

सुईदोरा | ३ मे, सकाळी ७.०५

टाकायचं नाही! कॉलर आणि काखेतला भाग आधी विरतो, दोन उन्हाळ्यांनी त्याला ठिगळ लागेल, आणि तेव्हा पेठेत तो ताका मिळणार नाही. पट्टीच्या कडा दुमडून शिवून ठेव. पण कपाटात ठेवू नकोस. दर वेळी ड्रेस धुशील तेव्हा तीही बरोबर धू आणि बरोबर वाळत घाल, म्हणजे दोघांचा रंग सारखाच उतरेल.